उपाशी तारीख

माझ्या नवऱ्याला छापखान्याने मारलं आणि गावभर तसं छापून वाटलं. हे मी रागाने बोलत नाही, झालं ते सांगतेय. राग काढायचा तो तेव्हाच काढून झाला. अजूनही मी त्या रस्त्याने गेले की छापखान्याचे मालक खुर्ची सोडून उभे राहतात.

आमच्याकडे रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं. गावात बहुतेकांकडे तेच, कारण ते गावातच छापतात. वर भला मोठा आकडा आणि खाली दिनविशेषाच्या तीन चौकटी: जन्म, घटना, निधन. कुठला राजा गादीवर बसला, कुठल्या यंत्राचा शोध लागला, कोण आलं, कोण गेलं. आमचे हे सकाळी पान फाडायचे आणि मला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचायचे. "आज अमक्या दोन देशांची लढाई संपली गं," म्हणायचे. मी म्हणायचे, "त्यांची संपली, आपली कधी संपायची ते बघा." पण पुढचं पान आधी उचलून बघायचं नाही हा यांचा नियम होता. उद्याचं उद्या.

हे पोहणारे. समोरच्या बेटावरून निघून आपल्या धक्क्यापर्यंत अख्खी खाडी पोहून आलेला पहिला माणूस म्हणजे आमचे हे. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. पुढे आणखी दोघातिघांनी ते केलं, पण पहिला तो पहिला. गावात यांना पाणकोंबडा म्हणतात, अगदी तोंडावर, आणि यांना त्याचा अभिमान. नोकरीसुद्धा केली ती पाणीपुरवठ्यात. पाण्याने काही यांची पाठ सोडली नाही.

अशा माणसाच्या हृदयाची झडप बिघडली. जिना चढताना मध्येच थांबायचे आणि भिंतीवरचा रंग बघितल्यासारखं करायचे. सर्जन बाई म्हणाल्या, "ऑपरेशन मोठं आहे, पण आम्ही ते नेहमी करतो. नाही केलं तर मात्र पुढच्या वर्षाचं मी काही सांगू शकत नाही." इतकं स्पष्ट सांगितलं, तरी हे ऐकेनात. मरणाला भ्यायले असते तर मी समजून घेतलं असतं. यांना भीती वाटायची ती भूल देण्याची. "पाण्यातला पहिला धडा काय? हातपाय थांबू द्यायचे नाहीत. थांबले की कारभार आटोपला. आणि ही बाई म्हणते, हातपायच काय, काळीजसुद्धा थोडा वेळ बंद ठेवू. मग मी काय करायचं?" मी म्हटलं, "तुम्ही काही करायचं नाही, तेच तर सांगतायत." पण पालथ्या घड्यावर पाणी. भांडून झालं, अबोला धरून झाला, मुलाने लांबून फोनवर विनवण्या केल्या. हे हू की चू करीनात.

आणि मग वर्ष संपता संपता यांना बाजारात छापखान्याचे मालक भेटले. म्हणाले, "येत्या वर्षीच्या कॅलेंडरात तुमचं नाव घातलंय बरं का. तुम्ही खाडी पोहलात त्या तारखेला." हे घरी आले ते जमिनीला पाय न लावता. पुढच्या तपासणीला सर्जन बाईंनी विषय काढायच्या आत स्वतःच म्हणाले, "करू ऑपरेशन. पण मी सांगेन त्या तारखेला. तो माझा दिवस आहे, त्या दिवशी मी बुडत नाही." बाईंनी डायरी चाळली आणि म्हणाल्या, जमेल. माझा जीव भांड्यात पडला.

तो तिथे फार दिवस टिकला नाही. एकदा दुपारी हे झोपलेले असताना मी नव्या वर्षाचं कॅलेंडर खाली काढलं. आदल्या रात्रीपासून काही खायचं नाही, कागदपत्रं कुठली न्यायची, हे त्या पानावर लिहून ठेवावं म्हणून पानं उचलत त्या तारखेपर्यंत गेले. जन्माच्या चौकटीत कोणी शास्त्रज्ञ होता. घटनेच्या चौकटीत एक राज्याभिषेक आणि एक तह. आणि खाली, निधनाच्या चौकटीत, यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पुढे लिहिलं होतं, "बेट ते धक्का अंतर पोहून पार करणारे पहिले जलतरणपटू". एवढंच.

मी काही शकुन-अपशकुन मानणारी बाई नाही, पण त्या क्षणी मानलं, आणि पुढचं सुचलं ते त्याहून वाईट. हे ऑपरेशनला तयार झालेत ते या पानाच्या जोरावर. त्या दिवशी सकाळी पान फाडणार, मोठ्याने वाचणार, आणि मग जगातला कुठलाही डॉक्टर यांना टेबलावर झोपवू शकणार नाही. मी ते पान मुळापासून फाडलं, घडी घालून ब्लाउजात खोचलं आणि चपला घालून थेट छापखान्यात गेले.

मालक आणि पानं लावणारे काका समोरासमोर बसून चहा पीत होते. मी पान मधे टाकलं. "हा माणूस आत्ता घरी घोरतोय," म्हटलं. "त्याला कधी मारलंत?"

मालकांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि काकांकडे पाहिलं. काका बरीच वर्षं दिनविशेषाची पानं लावतात, म्हणजे कुठली ओळ कुठल्या चौकटीत बसवायची ते बघतात. त्यांना चूक सापडली, पण लाज काही सापडली नाही. म्हणाले, "त्याचं असं आहे वहिनी, ही उपाशी तारीख."

"म्हणजे?"

"काही तारखा भरलेल्या असतात. त्या दिवशी दहा-दहा मोठी माणसं गेलेली असतात, कोणाला घालू आणि कोणाला वगळू असं होतं. आणि काही तारखा उपाशी. या दिवशी कोणीच गेलेलं सापडेना. आणि आपल्याकडे चौकट रिकामी सोडायची नाही असा नियम आहे. वर घटनेत मात्र तीन-तीन गोष्टींची गर्दी झालेली. मग मी यांची ओळ उचलून खाली घेतली."

"खाली म्हणजे मसणात घेतलीत."

"तसं नाही, जागा होती म्हणून."

"जागा होती म्हणून उद्या मला घालाल. लिहितावाचता येतं ना तुम्हाला? चौकटीवर काय लिहिलंय ते तरी बघायचं."

"चौकटीची नावं आधीच छापलेली असतात," काका म्हणाले. "ती कोण वाचतो?" मी असं काही बघितलं की त्यांनी कप खाली ठेवला.

मालक बिचारे सज्जन. म्हणाले, "पुढच्या वर्षी दुरुस्त करतो." मी म्हटलं, "पुढचं वर्ष यांना मिळावं म्हणूनच तर धडपडतेय." मग त्यांना सगळं सांगितलं, झडप, भूल, तारीख, सगळं. सांगता सांगता रडू आलं आणि त्याचाही राग आला. मालक उठले, स्वतः यंत्रापाशी गेले. त्या एका तारखेची नवी पानं छापायची ठरलं. राज्याभिषेक काढून टाकला, कारण त्या राजाची बायको काही भांडायला यायची नव्हती, आणि तिथे यांची ओळ घातली. काका म्हणाले, "मग खाली काय घालू?" मी म्हटलं, "काही घालू नका. त्या दिवशी कोणी मेलं नाही, यात तुमचं काय गेलं?" पण सवय जाते थोडीच. तिथे त्यांनी दात कसे घासावेत याची सूचना घातली.

एक पान आमच्या कॅलेंडरात बसवलं. पण गावाचं काय? हे दिवसभर गावात फिरणारे. म्हणून पुढचे काही दिवस मी आणि मालक पिशवीत पानं आणि गोंदाची बाटली घेऊन दारोदार हिंडलो. सलूनमध्ये गेलो, बँकेत गेलो, वाचनालयात गेलो. जुनं पान काढायचं, नवं चिकटवायचं. सलूनवाल्याला कारण सांगावं लागलं, म्हणजे दवंडीच पिटली, पण त्याने वस्तरा हातात असताना शपथ घेतली की यांच्या कानावर जाऊ देणार नाही, आणि ती पाळली. किराणा दुकानदार म्हणाला, "खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, काकू." मी म्हटलं, "तुझी उठवू का?" इस्पितळात यांच्या वॉर्डातल्या सिस्टरला पान बदलायचंय म्हटलं, तर ती म्हणाली, "इथे कोणी दिनविशेष वाचत नाही हो, जेवण कधी येतं ते बघतात." पण तिने बदलू दिलं. यांना काही पत्ता लागला नाही. उलट म्हणायचे, "तू हल्ली फार बाहेर असतेस." मी म्हणायचे, "तुमच्याच कामाला जाते." त्यात खोटं काही नव्हतं.

सगळीकडे पोचलो असं वाटलं, पण एक जागा दोघांच्याही डोक्यात आली नाही. काखेत कळसा म्हणतात तो हा. रोज धक्क्यावर उभं राहिलं की समोर दिसतं ते बेट. तिथेही कॅलेंडरं जातात, होडीने.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी यांना इस्पितळात दाखल केलं. घरचं कॅलेंडर हे उशाशी घेऊन आले होते. सकाळी उठून पान फाडलं. "घटना," म्हणाले, आणि स्वतःचं नाव वाचलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दाखवलं, सिस्टरला दाखवलं, पान पुन्हा वाचलं. दात घासायची सूचनासुद्धा वाचली. चेहऱ्यावर असं तेज की मला वाटलं, यांना बघून आता मीही घाबरायचं सोडून द्यावं. छाती भादरून झाली होती, हिरवा झगा घालून झाला होता. स्ट्रेचर न्यायला येणार तेवढीच वाट.

स्ट्रेचरच्या आधी होडीवाले भाऊजी आले.

होडीवाले भाऊजी म्हणजे यांचा जुना दोस्त. हे खाडी पोहले त्या दिवशी यांच्या बाजूने होडी वल्हवत धक्क्यापर्यंत आलेला माणूस. बेटावर एकटे राहतात. सकाळी त्यांनी आपल्या घरचं पान फाडलं, वाचलं, आणि पहिल्या होडीने निघाले. आमच्या घराला कुलूप. शेजारी म्हणाले, इस्पितळात आहेत. झालं, त्यांची खात्रीच पटली. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली, हातात ते पान. वॉर्डाच्या दारात आले तर समोर खाटेवर हे पाय हलवत बसलेले. भाऊजी होते तिथे फरशीवरच बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

"अरे, काय झालं? कोण गेलं?" हे म्हणाले.

भाऊजींनी हातातलं पान नुसतं वर धरलं. मी पुढे व्हायच्या आत यांनी खाली वाकून त्यांच्या हातातलं पान घेतलं.

यांनी ते वाचलं. मग आपलं पान घेतलं आणि दोन्ही शेजारी धरली. मग माझ्याकडे पाहिलं. पोहणाऱ्याचं डोकं असतं, लाट कुठून आली ते त्याला लगेच कळतं.

"तुला माहीत होतं."

"हो," मी म्हटलं.

यांनी दोन्ही पानं उशीवर ठेवली. खाली उतरून चपला शोधल्या. "माझा शर्ट दे," म्हणाले. आवाज अजिबात चढा नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मला घरी जायचंय."

मग माझा बांध फुटला. "जा," म्हटलं. "जा घरी. इतके दिवस तुमच्यासाठी गोंदाची बाटली घेऊन दारोदार फिरले, अख्ख्या गावाला तुमच्याशी खोटं बोलायला लावलं. मी दमले आता. चला घरी, आणि तुम्हाला आवडेल अशी तारीख बघून मरा. मी फक्त एवढंच सांगते, मला भीती वाटते. तुम्ही आत गेलात तरी वाटते आणि नाही गेलात तरी वाटते. पण नाही गेलात तर मी एकटी पडणार, हे नक्की आहे. मला एकटीला राहायचं नाही." इतक्या वर्षांत असं तोंडावर कधी बोलले नव्हते. शेजारच्या खाटेवरचा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत होता.

हे खाली बघत उभे राहिले. म्हणाले, "तू म्हणतेस ते सगळं कळतं गं. पण माझे हातपाय बंद करणार आहेत. जो दिवस माझा म्हणून आलो, तोही माझा नाही निघाला. आता कशाच्या जोरावर जाऊ?"

तेव्हा फरशीवरून भाऊजी बोलले. नाक पुसत, यांच्याकडे न बघता. "त्या दिवशी तरी तुझे हातपाय कुठे तुझ्या ताब्यात होते?"

"म्हणजे?"

"शेवटचा टप्पा आठवतो तुला?"

"आठवतो म्हणजे? सगळा आठवतो."

"नाही आठवत. लोकांनी सांगितलं ते आठवतं. तू शुद्धीत नव्हतास. डोळे मिटलेले, हाक मारली तर ओ नाही. मी दोनदा वल्हं टाकून तुला वर ओढायला निघालो. पण होडीला हात लागला की सगळं बाद, म्हणून थांबलो. आणि तुझे हात आपले चालूच होते. तुझ्यावाचून चालू होते. धक्क्याला डोकं आपटलं तेव्हा तू शुद्धीवर आलास."

हे खाटेवर बसले. "इतकी वर्षं बोलला नाहीस."

"कशाला बोलू? तुझं नाव झालं होतं."

"खरं सांगतोस?"

भाऊजींनी पुन्हा नाक पुसलं. मग म्हणाले, "तुझ्या गळ्याशप्पथ."

कितीतरी वेळ हे आपल्या हातांकडे बघत बसले. हात उलटे केले, सुलटे केले. "माझ्यावाचून," म्हणाले. तेवढ्यात स्ट्रेचर आलं. स्ट्रेचरवाल्याने विचारलं, "तयार ना?" हे कोणाचा हात न धरता त्यावर चढले आणि आडवे झाले. जाताना मला म्हणाले, "चहा पिऊन घे." आणि गेले.

बाहेर बाकड्यावर मी आणि भाऊजी बसलो. चहा आणला, तो तसाच राहिला. भाऊजी सदऱ्याची बटणं काढून पुन्हा लावत होते आणि पुन्हा चुकत होते. मला वाटलं, म्हातारा माणूस, सकाळचा धसका, होणारच. मी म्हटलं, "भाऊजी, बरं झालं सांगितलंत. नाहीतर आज काही खरं नव्हतं."

"वहिनी," ते म्हणाले, "मी खोटं बोललो."

मला आधी कळलंच नाही.

"तो पूर्ण शुद्धीत होता. मी कंटाळून गाणं म्हणायला लागलो, माझा आवाज हा असा. त्याला हसू आलं, नाकातोंडात पाणी गेलं, आणि धक्क्यापर्यंत मला शिव्या घालत आला. पाणी शेवटी कोमट लागतंय, म्हणाला. असा पोहला वहिनी, की बघत राहावं. मी गळ्याशप्पथ खोटी घातली. आता आत काही झालं तर ते माझ्यामुळे."

ते गाणं, त्या शिव्या, ते कोमट पाणी, हे सगळं मी लग्न झाल्यापासून शंभरदा ऐकलं होतं. दर वेळी म्हणायचे, "पुरे झालं, ऐकलंय." मी भाऊजींच्या गुडघ्यावर हात ठेवला. "कॅलेंडराने माणूस मरत नाही आणि शपथेनेही मरत नाही," म्हटलं. "गप बसा." हे मी त्यांना सांगितलं की मला, कोण जाणे.

दुपार उतरल्यावर सर्जन बाई बाहेर आल्या. टोपी काढली, मान दुखत होती ती चोळली आणि म्हणाल्या, "झालं. छान झालं." भाऊजी पुन्हा रडायला लागले. मी नाही रडले, मला आधी तो गार चहा प्यायचा होता, यांनी सांगितलेला.

आता हे जिना चढतात, न थांबता. भिंतीचा रंग बघायची गरज उरली नाही. पोहायची परवानगी अजून नाही, म्हणून धक्क्यावर बसून पोरांना पोहायला शिकवतात. गोष्ट तीच सांगतात, पण शेवट बदललाय. "मी शुद्धीतच नव्हतो," म्हणतात. "माझे हात माझ्यावाचून चालू होते. दोनदा. एकदा पाण्यात आणि एकदा टेबलावर." पोरं डोळे मोठे करून ऐकतात. गाणं गेलं, शिव्या गेल्या. मी एकदा सहज विचारलं, "पाणी कोमट लागलं होतं ना शेवटी?" हे म्हणाले, "ते आपलं लोकांनी नंतर सांगितलेलं डोक्यात बसलं असणार. मला कसं कळणार?" मी भाजी चिरत होते, चिरत राहिले.

परवा छापखान्याचे मालक घरी आले. पुढच्या वर्षीची पानं लावायला घेतली आहेत. या वेळी ओळ यांच्याच तोंडून लिहून घेतो म्हणाले, म्हणजे चूक नको. भाऊजीही आले होते. हे खुर्चीत ताठ बसले आणि सांगायला लागले: "बेट ते धक्का हे अंतर पोहून पार करणारे पहिले जलतरणपटू. त्यातील शेवटचा टप्पा संपूर्ण बेशुद्धावस्थेत." मालकांनी भुवया वर केल्या. हे भाऊजींकडे वळले, "बरोबर ना रे?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर."

मालकांनी कागद माझ्यापुढे केला. "वहिनी, तुम्ही एकदा नीट वाचून घ्या. गेल्या वेळेसारखं पुन्हा नको."

मी नीट वाचलं. हे माझ्याकडे बघत होते, गालांवर रंग आलेला, श्वास संथ.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "छापा."